आईची चिंच आणि बुद्धाचा मुलामा

आमच्या घरातल्या बुद्धमूर्तीच्या उजव्या गुडघ्यावर सोने नाही. उजव्या हाताच्या बोटांवरही नाही. बाकीची मूर्ती, जेमतेम वीतभर उंचीची, सोनेरी आहे. चेहरा तर सकाळच्या उन्हात अजूनही झळकतो. पण नजर गुडघ्यापाशी आली की खालचे पितळ उघडे पडलेले दिसते. घरी आलेले पाहुणे मूर्तीपुढे हात जोडतात आणि मग हळूच विचारतात, ‘हे असे कशाने झाले?’ मी सांगतो, ‘आईने चिंचेने घासली.’ ऐकणारा हसतो. आता मीही हसतो. ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी मात्र आमच्या घरात कोणी हसले नव्हते.

या गुडघ्याची गोष्ट सांगायची तर पन्नास वर्षे मागे जावे लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपूरला आले, हे विदर्भाबाहेर अजूनही फारसे कोणाला सांगता येत नाही. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. जिल्हा होता मध्य प्रदेशात. मुंबई राज्यात तो गेला त्यानंतर पंधरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने तो दीक्षा समारंभ झाला. आजचे गडचिरोली जिल्ह्याचे जंगल तेव्हा चांद्यातच मोडत असे, आणि त्या जंगलातल्या गावांतून माणसे बैलगाड्यांनी, पायी, भाकरी बांधून आली होती. माझे वडील बल्लारपूरच्या कागद कारखान्यात मजूर होते. मी तीन वर्षांचा होतो आणि आईच्या कडेवर बसून त्या मैदानात गेलो होतो. मला त्यातले काहीही आठवत नाही. आईला सगळे आठवत असे, अगदी शेजारी बसलेल्या बाईच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा होता तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी घरातले देव उचलले. देव्हारा असा नव्हताच. भिंतीत एक कोनाडा होता. त्यात चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले दोन टाक, एक पितळेची झिजलेली मूर्ती आणि शेंदूर फासलेला मरीमायचा दगड. बाबांनी ते फडक्यात बांधले आणि वर्धा नदीत सोडून आले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ते करायलाच हवे होते. आजी मात्र रडली. देव गेल्याचे दुःख तिला होतेच, पण चांदी गेल्याचेही होते. टाक तिच्या सासूने पै-पै जमवून घडवून घेतले होते. नंतर कित्येक दिवस संध्याकाळी ती दिवा घेऊन सवयीने कोनाड्यापाशी जाई, क्षणभर थांबे आणि दिवा चुलीजवळ ठेवून देई. हे मला आईने सांगितले. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या भागातल्या किती घरांत त्या महिन्यात असा रिकामा कोनाडा झाला असेल, याची कोणी मोजदाद केलेली नाही.

आमच्या कोनाड्यात पहिला बुद्ध आला तो कागदाचा. कुठल्यातरी दिनदर्शिकेवरचे चित्र बाबांनी कापून पुठ्ठ्यावर डकवले. दोन महिनेही झाले नव्हते तोच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मग त्यांचा फोटो शेजारी आला, आणि तेव्हापासून आजतागायत आमच्याकडच्या बौद्ध घरांत ही जोडी वेगळी झालेली नाही. बाबा गमतीने म्हणत, ‘कागद आपल्याच कारखान्याचा असेल. बांबू आलापल्लीकडचा.’ ते खरे असो वा नसो, विचार मला आवडतो.

त्या चित्रापुढे बाबांनी एक नियम घालून दिला होता. वंदना घ्यायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचे, मेणबत्ती लावायची. पण काही मागायचे नाही. नैवेद्य नाही, नवस नाही, घंटा नाही. परीक्षेला जाताना मी एकदा चित्रापुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो, तर त्यांनी विचारले, ‘काय मागतोस? त्यांनी अभ्यास केला, तू पण कर.’

पुढे मी शिक्षक झालो, आणि पुस्तकांतून व भटकंतीतून मला कळत गेले की या रिकाम्या कोनाड्याला आमच्याच मुलखात दोन हजार वर्षांपूर्वीचे नाते आहे. वैनगंगेच्या काठी पवनी हे गाव आहे, भंडारा जिल्ह्यात, ब्रह्मपुरीहून फार लांब नाही. १९६९-७० साली तिथे जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. पवनीच्या एका दगडी स्तंभावर मुचलिंद नागाचे शिल्प आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असताना पाऊस आला आणि या नागाने फणा धरून त्यांना आडोसा केला, ती कथा. शिल्पात नाग आहे, फणा आहे, खाली आसन आहे. आसनावर कोणी नाही. त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवीतच नसत. सांचीला, भारहूतला हेच: कुठे बोधिवृक्ष, कुठे पाऊलखुणा, कुठे रिकामे आसन. मानवी रूपातली मूर्ती मथुरा आणि गांधार इथे घडू लागली ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास, म्हणजे बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर काही शतकांनी. पवनीचे ते आसन पाहिले तेव्हा मला आजी आठवली, हातात दिवा घेतलेली.

पण म्हणून मूर्ती ही परकी किंवा नंतरची भेसळ, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. चंद्रपूरजवळ भद्रावतीला विजासन टेकडीत लेणी आहेत. आत अंधारात चालत गेले की दगडात कोरलेला बसलेला बुद्ध समोर येतो. (ह्यूएन त्संग इथे आला होता की नाही, यावर विद्वान दीडशे वर्षे भांडत आहेत. भद्रावतीकर अर्थातच आला होता असे मानतात.) रामटेकजवळ हमलापुरीला गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात वाकाटककालीन ओतीव बुद्धमूर्ती सापडल्या, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, त्या आहेत. बऱ्हाणपूरजवळ फोपनार इथे १९६४ साली सात मूर्ती निघाल्या. आणि गडचिरोलीच्या पूर्वेला, छत्तीसगडातल्या सिरपूरला १९३९ साली बौद्ध धातुमूर्तींचा मोठा साठा हाती लागला. त्यांतल्या काही रायपूरच्या संग्रहालयात आहेत. डोळ्यांत चांदी भरलेली, अंगावर मुलाम्याच्या खुणा. शतकानुशतके मातीत राहूनही ते डोळे अंधारात चमकतात. तेव्हा सोनेरी बुद्ध हे विमानाने आलेले नवे खूळ आहे, असे निदान आमच्या भागातल्या माणसाने तरी म्हणू नये.

आणखी एक. खुद्द बाबासाहेब मूर्तीच्या विरोधात नव्हते. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती मूर्ती रंगूनहून आणलेली होती. नागपूरच्या दीक्षेच्या वेळी मंचावर बुद्धमूर्ती होती आणि तिला त्यांनी फुले वाहून वंदन केले. त्यांनी स्वतः कुंचला हाती घेऊन बुद्ध रंगवला तो मात्र उघड्या डोळ्यांचा, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

माझी नोकरी बहुतेक गडचिरोलीकडच्या गावांत झाली. नोकरीला लागलो तेव्हा तो चंद्रपूर जिल्हाच होता, २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. त्या वर्षांत घरांतले बुद्ध बदलताना मी पाहिले. कागदाच्या जागी प्लास्टरचे बुद्ध आले. ऑक्टोबरात नागपूर आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी मूर्तींची दुकाने लागत, आणि माणसे एका हातात ग्रंथ व दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूर्ती घेऊन एसटीत चढत. खिडकीपाशी बसून मूर्ती मांडीवर धरून अहेरीपर्यंत गेलेली म्हातारी मी पाहिली आहे. या मूर्तींना सोनेरी रंग दिलेला असे. तो रंग म्हणजे पितळेची भुकटी. दोन-तीन पावसाळ्यांत ती काळवंडे, हिरवटही पडे. मग दिवाळीच्या नव्हे, बुद्धपौर्णिमेच्या आधी घरातला एखादा मुलगा कुंचला घेऊन बसे आणि बुद्धाला नवा सोनेरी हात देई. भुवया जरा जाड होत, ओठ लाल होत. काही बुद्ध त्या मुलाच्या मामासारखे दिसू लागत. या मूर्तींना कला म्हणून कोणी संग्रहालयात ठेवणार नाही, पण हाताने घडलेली, हाताने सोनेरी केलेली घरगुती मूर्ती म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवले.

आमच्याकडे सागवान आहे, सुतार आहेत. आरमोरीकडच्या एका घरात सागाच्या ओंडक्यातून कोरलेला बुद्ध होता आणि त्याखाली आरमोरीच्याच कोशाच्या कापडाचा तुकडा अंथरलेला. कोशाचा मूळ रंगच फिकट सोनेरी, त्यामुळे लाकूडही उजळून दिसे. पुढे त्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हरकत घेतली की कोसा काढताना किडे मरतात, हे कापड बुद्धाखाली कसे चालेल. कापड निघाले. वडिलांना ते फार लागले होते, पण मुलीपुढे बोलता येईना, कारण पंचशीलातले पहिले शील तिच्या बाजूने होते.

सोनेच का, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला होता. वैभव दाखवायचे म्हणून, असे सोपे उत्तर बाबा देत. पाली साहित्यात याचे उत्तर वेगळे मिळाले. महापुरुषाची बत्तीस लक्षणे सांगितली आहेत, त्यांत त्याची कांती सोन्यासारखी असते हे एक लक्षण आहे. दीघनिकायातल्या लक्खण सुत्तात प्रत्येक लक्षण कशामुळे मिळाले ते सांगितले आहे. सोनेरी कांतीची कारणे दोन: मागच्या जन्मांत तो कोणावर रागावला नाही, कोणी कितीही टोचून बोलले तरी मनात अढी धरली नाही, आणि त्याने लोकांना मऊ, तलम वस्त्रे व पांघरुणे दान केली. मागच्या जन्मांवर माझा विश्वास नाही, बाबांचाही नव्हता. पण सोन्याचा संबंध खजिन्याशी न लावता न रागावण्याशी आणि मऊ कापडाशी लावणारा जो कोणी असेल, त्याला माणसांची चांगली पारख होती. दुसऱ्याला ऊब देणाऱ्याचा चेहरा उजळतो, हे तर आपण रोज पाहतो.

आता आमच्या मूर्तीकडे येतो. २००६ साली धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. आमच्या भागातून बोधगयेला, श्रीलंकेला, थायलंडला जाणाऱ्या सहली त्या सुमारास खूप वाढल्या. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली जपानी उपासिकेच्या मदतीने उभे राहिले होते, विहारांतून परदेशी मूर्ती दिसू लागल्या होत्या, आणि तशीच एक आपल्या घरीही असावी असे लोकांना वाटू लागले होते. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान थायलंडला गेले आणि आईसाठी भूमिस्पर्श मुद्रेतली ही मूर्ती घेऊन आले. डावा हात मांडीवर, उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटे जमिनीला टेकलेली. ज्ञानप्राप्तीच्या वेळी बुद्धाने धरतीला साक्ष ठेवले, तो क्षण.

बाबा जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. आईने मूर्ती कोनाड्यात ठेवली, आणि घरात वाद उभा राहिला. माझे थोरले बंधू चळवळीतले. ते म्हणाले, ‘बाबांनी चांदीचे टाक नदीत टाकले आणि तुम्ही सोन्याचा देव आणून बसवला. आता नवस तेवढा बोलायचा राहिला.’ आई म्हणाली, ‘जवाईबापूनं एवढ्या दुरून आणली. मी काही मागत नाही तिले.’ मी गप्प बसलो. खरे म्हणजे मला दोघांचेही पटत होते, आणि असे दोन्हीकडचे पटणारा माणूस घरात कोणाच्याच कामाचा नसतो.

चार महिन्यांनी बुद्धपौर्णिमा आली. आई पहाटे उठली. सणाला घरातली पितळेची भांडी चिंच आणि राख लावून लखलखीत करायची ही तिची जन्माची सवय. मूर्तीवर मेणबत्तीची काजळी धरली होती. तिने हंडा घासला, तांब्या घासला आणि मग मूर्ती घेतली. गुडघ्यापासून सुरुवात केली. मी उठून आलो तेव्हा ती अंगणात बसली होती, ओंजळीत चिंचेचा कोळ होता आणि त्यात सोन्याचे कण तरंगत होते. ‘काहून रे बाबू,’ ती म्हणाली, ‘हे निघून काहून राह्यलं?’

थोरल्या बंधूंना कळले तेव्हा ते ‘बरे झाले’ म्हणाले. आई त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. न रागावण्याचे ते सुत्त मी तेव्हा दोघांनाही वाचून दाखवले नाही. धाडस झाले नाही.

सोने का निघाले, ते शोधण्याच्या निमित्ताने मुलाम्याची विद्या थोडीफार समजली. मुलामा देण्याच्या मुख्य रीती तीन. त्यांतली एक जुनी आणि टिकाऊ रीत पाऱ्याची. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लेप करायचा, तो तांब्याच्या मूर्तीवर चोळायचा आणि मूर्ती तापवायची. पारा उडून जातो, सोने तांब्याला घट्ट धरून राहते. मग ते गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. नेपाळात पाटणचे शाक्य कारागीर अजून असे काम करतात. आधी मेणाचा बुद्ध घडवायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. इंद्रावतीपलीकडे बस्तरचे घडवा कारागीर मेणाच्या दोऱ्या वळून जे हत्ती-घोडे ओततात, त्यामागचे तत्त्व हेच. पण पाऱ्याची वाफ जीवघेणी. ती फुप्फुसात जाते, कारागिराचे हात थरथरू लागतात. घरात शांतपणे बसलेल्या मूर्तीमागे कोणाचे तरी थरथरणारे हात असू शकतात, हे ते सोने पाहून कळत नाही.

दुसरी रीत वर्खाची. ब्रह्मदेश आणि थायलंडमध्ये मूर्तीवर राळेसारख्या चिकाचा थर देऊन त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. मंडालेच्या महामुनी मूर्तीवर तर भक्तांनी इतका वर्ख चिकटवला आहे की अंगाचा मूळ आकारच हरवला आहे. तिसरी रीत विजेची, आपल्याकडच्या एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांसारखी. थर अगदी पातळ. आमची मूर्ती वर्खाची निघाली. चिंचेतल्या आंबटाने सोन्याला काही होत नाही, पितळेचा मळ तेवढा जातो. घात केला राखेने आणि आईच्या हातातल्या जोराने. खालचा चिकाचा थर सुटला आणि त्याच्याबरोबर वर्ख.

चंद्रपूरच्या एका सराफाला दाखवली. त्याने विजेचा मुलामा देऊन सगळी मूर्ती नवी करून देतो म्हटले, पण आधी आहे ते सोने खरवडावे लागेल. खरवडणे या शब्दाला आईने नकार दिला.

मग मला गोठणगाव आठवले. गडचिरोलीच्या सीमेला लागून, आता गोंदिया जिल्ह्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नॉर्ग्येलिंग तिचे नाव; १९७२ साली ती वसली. हिवाळ्यात आमच्या गावांत स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण ऐन झाडीपट्टीत, धानाच्या बांध्यांमध्ये त्यांचे गोम्पा आहे हे फार जणांना माहीत नसते. मूर्ती टॉवेलात गुंडाळून मी ब्रह्मपुरी, वडसा, अर्जुनी असा गेलो.

गोम्पात सोनेरी मूर्ती होत्या, पुढे पाण्याच्या सात वाट्या ओळीने मांडलेल्या. एका वृद्ध लामांनी माझी मूर्ती हातात घेतली. गुडघ्याकडे त्यांनी फारसे पाहिलेच नाही. त्यांनी ती उलटी केली आणि आत डोकावले. तळ उघडा होता. हिंदीत विचारले, ‘इसके अंदर क्या है?’ मी म्हटले, ‘काही नाही.’ ते जरा गंभीर झाले. त्यांच्याकडे मूर्ती घडली की तिच्या पोटात मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या भरतात, तळ पत्र्याने बंद करतात आणि विधी करतात. तोवर ती मूर्ती पुरी होत नाही. चेहऱ्याला सोन्याची भुकटी सरसात कालवून थंडच लावतात आणि वर्षानुवर्षांनी पुन्हा लावतात, ते पुण्याचे काम मानतात. गुडघ्याचे काम इथे होणार नाही, ते म्हणाले, पण तुमची इच्छा असेल तर आत भरून देऊ.

मी अडखळलो. बाबांच्या हिशेबाने मूर्ती आतून रिकामी असणे हेच बरोबर होते. ती आठवण करून देण्यापुरती, तिच्यात कोणी बसलेले नाही. समोर बसलेल्या वृद्धाच्या हिशेबाने मी एक अर्धवट मूर्ती घेऊन हिंडत होतो. दोघेही बौद्ध. एकाने आपले देव नदीत सोडले होते, दुसऱ्याच्या लोकांनी देश सोडताना मूर्ती पाठीवर बांधून हिमालय ओलांडला होता. कोणी कोणाला काय शिकवायचे? मी नम्रपणे नको म्हटले. त्यांनी आग्रह केला नाही, लोणी घातलेला खारट चहा दिला.

परतीच्या वाटेवर मला नालासोपारा आठवले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला तेव्हा दगडी पेटीच्या आत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा करंडक निघाला. भोवती आठ छोट्या ओतीव बुद्धमूर्ती. सोने सर्वांत आत होते, कोणाला दिसणार नाही असे. बँकॉकला तर १९५५ साली प्लास्टरची समजली जाणारी एक मोठी मूर्ती हलवताना तिचा पापुद्रा उडाला आणि आत साडेपाच टन सोन्याचा बुद्ध सापडला. आमच्या मूर्तीचे नेमके उलट झाले होते, पापुद्रा उडाला आणि आत हंड्याचे पितळ निघाले.

आईला हे सगळे सांगितले. पोटात मंत्र भरण्याची गोष्ट तिने लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाली, ‘त्यायचं त्यायच्यापाशी बरोबर आहे.’ गुडघा कुठे दुरुस्त करून मिळेल ते शोधू का, असे विचारल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘राहू दे. सोनं होतं तं हात लावाले भेव वाटे. आता आपला वाटते.’ त्या वर्षीच्या सोळा ऑक्टोबरला थोरले बंधू घरी आले. दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर वंदनेला सगळ्यांबरोबर बसले. मूर्तीकडे पाहून म्हणाले, ‘आता जरा कामगारासारखा दिसतो.’ आई हसली, आणि तिथे त्या दोघांचे मिटले.

२०१४ साली आई गेली. मूर्ती माझ्याकडे आली. मधल्या काळात आमच्या भागात मूर्तींची आवड आणखी वाढली आहे. सागाचे कोरीव देव्हारे, आत दिव्यांची माळ, मध्ये तीन फुटी सोनेरी बुद्ध, असे हॉल मी पाहतो. कोणाला नावे ठेवत नाही, पण घेण्याआधी मूर्ती उलटी करून पाहा, जड आहे का, मुलामा कसला आहे ते विचारा, आणि काहीही झाले तरी ओले फडके लावू नका, एवढे मात्र सांगतो. मेणबत्ती मूर्तीपासून हातभर दूर ठेवावी. काजळी धरलीच तर कोरड्या कुंचल्याने झटकावी.

आमची मूर्ती नातीने पुसायची, असे ठरले आहे. ती आठ वर्षांची आहे आणि गुडघा पुसताना दर वेळी थोडे हळू पुसते. फडके वेगळे ठेवलेले आहे. आईच्या एका पांढऱ्या लुगड्याचा तुकडा, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)